ब्रिटनमध्ये मत, एमपी आणि पार्लमेंट: कोणतं काम कोणाकडे आणि कोणत्या क्रमाने

निवडणूक जवळ आली की ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रश्न हटकून येतात. पहिला, "भारतीय पासपोर्टवर आपल्याला कुठे मत असतं?" आणि मुदत टळून गेल्यावर दुसरा, "आता नाव घालता येईल का?" निवडणूक संपली की तिसरा येतो: व्हिसा अडकलाय, थेट पंतप्रधानांना ईमेल केला, उत्तरच नाही. इथली व्यवस्था हद्दी आणि तारखा यांवर चालते. काम कोणाच्या हद्दीतलं आहे आणि कोणत्या दिवसाच्या आत न्यायचं आहे, या दोन गोष्टी चुकल्या की मजकूर कितीही चांगला लिहा, तो कुणाच्या टेबलावर पोचत नाही. खालचा क्रम ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला समोर ठेवून लिहिला आहे. ब्रिटिश नागरिक झालेल्यांना कुठे वेगळं लागू होतं ते त्या त्या जागी सांगितलं आहे.

१. आधी हक्क तपासा

भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. त्यामुळे ब्रिटनमध्ये राहणारा, राहण्याची वैध परवानगी असलेला भारतीय नागरिक तिथल्या सर्व निवडणुकांत मतदान करू शकतो. सर्व म्हणजे कौन्सिल (इथली पालिका), महापौर आणि थेट हाउस ऑफ कॉमन्स (पार्लमेंटचं खालचं सभागृह) सुद्धा. स्टुडंट व्हिसा, स्किल्ड वर्कर व्हिसा, डिपेंडंट व्हिसा, सगळे यात आले. त्यासाठी आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, लागत नाही आणि अमुक वर्षं राहिलं पाहिजे अशी अटही नाही. एका खोलीत चार जण राहणाऱ्या एमएस्सीच्या विद्यार्थ्यालाही हा हक्क आहे, आणि नेमकं त्यालाच ते कोणी सांगत नाही.

मतदानाचं वय पार्लमेंटच्या निवडणुकीला १८ आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तिथल्या स्वतःच्या संसदेला आणि कौन्सिलला १६ व्या वर्षापासून मत देता येतं.

थांबा: परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे. अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय घेऊन लंडनला आलेल्या माणसाला पार्लमेंटसाठी मत नाही. इथे पासपोर्ट पाहिला जातो, आडनाव नाही.

परत जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ब्रिटिश नागरिक झालेला माणूस पुण्याला कायमचा परतला तरी पार्लमेंटच्या निवडणुकीसाठी परदेशस्थ मतदार म्हणून नाव ठेवू शकतो. त्यासाठी असलेली १५ वर्षांची मर्यादा जानेवारी २०२४ पासून गेली. भारतीय नागरिकाला ही सोय नाही. त्याचा हक्क ब्रिटनमधल्या राहत्या पत्त्याशी बांधलेला आहे.

२. नाव नोंदवा, आणि प्रत्येकाने स्वतःचं

हाताशी ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत: राहता पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर. नंबर अजून आला नसेल तरी अर्ज अडत नाही. नसण्याचं कारण लिहायचं, मग कौन्सिल इतर कागद मागू शकतं. अर्ज सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर होतो, पैसे लागत नाहीत आणि पाचेक मिनिटांत संपतो. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. दरवर्षी उन्हाळा सरत आला की कौन्सिलकडून घरी एक पत्र येतं: या पत्त्यावर कोण कोण राहतं? घरातलं कुणीतरी त्यात सगळ्यांची नावं भरून पाठवतं आणि नोंदणी झाली असं समजतं. ती झालेली नसते. ते पत्र फक्त घरात कोण आहे याची चौकशी असते. त्यात नवं नाव घातलं तर त्या व्यक्तीला नोंदणीचं वेगळं आमंत्रण येतं आणि तिने स्वतः अर्ज करावा लागतो. नवऱ्याने बायकोचा, आईने मुलाचा अर्ज आपल्या अर्जात उरकून टाकायचा, असं इथे चालत नाही. आमंत्रण येऊनही दुर्लक्ष केलं तर ८० पौंडांचा दंड होऊ शकतो.

घर बदललं की पुन्हा नोंदणी करायची. कौन्सिल टॅक्सचं खातं नव्या पत्त्यावर गेलं म्हणजे मतदार यादीही आपोआप गेली, असं होत नाही.

अर्जात "ओपन रजिस्टर"बद्दल एक प्रश्न येतो. ती यादी कोणालाही विकत घेता येते. तीत नाव नको म्हटलं तरी मताचा हक्क तसाच राहतो, तेव्हा बिनधास्त नको म्हणा. मुख्य मतदार यादीत नाव असण्याचा मात्र एक भलताच फायदा आहे: कर्जासाठी पत तपासणाऱ्या कंपन्या ती यादी पाहतात, त्यामुळे मोबाइलचा करार किंवा पुढे मॉर्गेज घेताना अडचण कमी होते. मतदानात रस नसलेल्या कित्येकांनी निव्वळ एवढ्यासाठी नाव घातलं आहे, आणि त्यात गैर काहीच नाही.

तपासणी: नाव लागलं की नाही हे पाहायला देशभराची एकच साइट नाही. आपल्या कौन्सिलच्या निवडणूक विभागाला फोन करायचा. उत्तर आयर्लंडमध्ये हे काम कौन्सिलकडे नसून तिथल्या इलेक्टोरल ऑफिसकडे आहे.

३. तारखा उलट्या मोजा

मतदान जवळजवळ नेहमीच गुरुवारी असतं. त्या दिवसापासून मागे, कामाचे दिवस मोजायचे. शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे वगळून. नोंदणीची मुदत मतदानाच्या १२ कामाचे दिवस आधी संपते. पोस्टल मताचा अर्ज ११ दिवस आधी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत, प्रॉक्सी आणि मोफत फोटो ओळखपत्राचा अर्ज ६ दिवस आधी ५ वाजेपर्यंत. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीला या तारखा अनुक्रमे १८ जून, १९ जून आणि २६ जून होत्या. म्हणजे "पुढच्या आठवड्यात निवडणूक आहे, चला नाव घालू" हे कधीच जमणार नसतं.

मे महिन्यात भारतात लग्नं, जुलैत शाळांना सुट्टी. आपली माणसं नेमकी तेव्हाच नसतात. अशा वेळी पोस्टल मत घेऊन लिफाफा नाशिकच्या पत्त्यावर मागवायचा बेत करू नका. मतपत्रिका निवडणुकीच्या थोडेच दिवस आधी छापून निघते आणि भरलेली मतदानाच्या रात्री १० च्या आत परत पोचावी लागते. दोन्हीकडचं टपाल एवढ्या दिवसांत होत नाही. प्रॉक्सी नेमा. प्रॉक्सी म्हणजे तुमच्या वतीने मत टाकणारी व्यक्ती. तिला स्वतःला त्या निवडणुकीत मताचा हक्क असला पाहिजे, तिने तुमच्या मतदान केंद्रावर जायचं असतं, आणि ओळखपत्र तिचं स्वतःचं न्यायचं असतं, तुमचं नव्हे. ऐनवेळी आजारपण किंवा कामाची तातडी आली तर आणीबाणीचा प्रॉक्सी अर्ज मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत करता येतो.

थांबा: पोस्टल मताबरोबर एक निवेदन असतं, त्यावर सही आणि जन्मतारीख लिहायची असते. सवयीने लोक तिथे आजची तारीख टाकतात. किंवा सही अर्जावर एक आणि इथे दुसरीच. दोन्ही बाबतींत मत बाद होतं, आणि मोजणी झाल्यावर ते कोणी दुरुस्त करत नाही.

४. ओळखपत्र: नावाची जुळणी आधीच करा

मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, आणि पार्लमेंटच्या निवडणुकीला सगळीकडेच. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण कॉमनवेल्थ देशांचे पासपोर्ट मान्य यादीत आहेत. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, प्रोव्हिजनलसुद्धा. आधार, पॅन, भारतातलं लायसन्स आणि विद्यापीठाचं कार्ड चालत नाही. मुदत संपलेला पासपोर्टही चालतो, फक्त फोटोतला चेहरा ओळखू आला पाहिजे.

एक नवी अडचण सध्या आहे. पूर्वी लोक बीआरपी कार्ड (राहण्याच्या परवान्याचं फोटो कार्ड) खिशात ठेवून जात. आता ई-व्हिसा आला आणि नवी कार्डं मिळेनाशी झाली. ई-व्हिसा फोनवर दाखवून मत मिळत नाही. ओळखपत्र प्रत्यक्ष हातात लागतं. पासपोर्ट नूतनीकरणाला पाठवलेला असेल आणि दुसरं काही नसेल, तर व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट, म्हणजे वर सांगितलेलं फोटो ओळखपत्र, मागवा. ते फुकट आहे.

मराठी नावांचा घोटाळा इथे होतो. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललं, यादीत माहेरचं आहे. किंवा पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे आणि नोंदणी करताना गाळलं. मधलं नाव गळणं सहसा अडत नाही, पण आडनावच वेगळं असेल तर विवाह प्रमाणपत्रासारखा कागद सोबत न्या, नाहीतर आधीच यादीतलं नाव बदलून घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे नोंदणी करताना पासपोर्ट समोर उघडा ठेवायचा आणि त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवायचं.

५. मतदानाचा दिवस

वेळ सकाळी ७ ते रात्री १०. दहा वाजता तुम्ही रांगेत असाल तर मत देता येतं. घरी आलेलं पोल कार्ड नेलं नाही तरी चालतं, पण केंद्र त्यावर लिहिलेलंच हवं. ऑफिसजवळचं सोयीचं म्हणून दुसऱ्या केंद्रावर जाता येत नाही. यंत्र नाही, "नोटा"चा पर्याय नाही. कागद आणि पेन्सिल.

पार्लमेंटला एकाच उमेदवारापुढे फुली मारायची, भारतासारखंच सर्वाधिक मतांचा विजयी. सगळ्याच निवडणुका अशा नसतात. स्कॉटलंडच्या कौन्सिलला पसंतीक्रमाचे आकडे लिहायचे असतात, लंडनच्या महापौर-असेंब्लीला एकाहून जास्त मतपत्रिका मिळतात. सवयीने फुली मारण्याआधी वरची सूचना वाचा. कागद खराब झाला तर पेटीत टाकू नका. टेबलावर परत देऊन नवा मागा.

पंतप्रधानांच्या नावाला मत नसतं हे आपल्याला शिकवायला नको. पण इथे एक फरक आहे आणि पुढच्या सगळ्या टप्प्यांवर तो कामाला येतो. ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदी कायदा नाही. पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत दिलं तर पक्ष निलंबित करू शकतो, पण खासदारकी जात नाही. जुलै २०२४ मध्ये सात लेबर खासदारांचं असं निलंबन झालं आणि ते सातही जण खासदार राहिलेच. वर्षभराने सामाजिक साहाय्याच्या विधेयकावर स्वतःच्याच मागच्या बाकांवरच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या, खासदारांपुढे सरकारला मोठा भाग मागे घ्यावा लागला. म्हणून "आमचा एमपी सरकारी पक्षाचा, त्याला लिहून काय उपयोग" हा हिशोब भारतातून आणलेला आहे. सरकारी पक्षाच्या मागच्या बाकावरचा एमपी हाच बरेचदा सगळ्यात उपयोगी पत्ता असतो.

६. काम कोणाचं, हे लिहायच्या आधी ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून सावकाश बघू.

कचरा, पार्किंगचा दंड, कौन्सिल टॅक्स, शाळेतला प्रवेश, शेजाऱ्याचं वाढीव बांधकाम, कौन्सिलचं घर: ही कामं कौन्सिलची. एमपीला यात अधिकार नाही. त्याचं ऑफिस फार तर पत्र कौन्सिलकडे पुढे ढकलतं. तुमच्या वॉर्डाचा कौन्सिलर शोधा. इंग्लंडच्या काही भागांत कौन्सिल दोन पातळ्यांची असतात, कचरा जिल्ह्याकडे आणि शाळा-रस्ते काउंटीकडे. पोस्टकोड टाकला की कोणतं काम कोणाचं ते सरकारी साइटवर दिसतं. लंडनच्या बस आणि ट्यूब महापौरांच्या अखत्यारीत येतात.

स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये आरोग्य आणि शिक्षण तिथल्या स्वतःच्या संसदेकडे आहे. ग्लासगोतल्या हॉस्पिटलच्या तक्रारीसाठी एमएसपी (स्कॉटिश संसदेचा सदस्य), कार्डिफला असाल तर सेनेडचा, म्हणजे वेल्सच्या संसदेचा, सदस्य. वेस्टमिन्स्टरचा एमपी त्यासाठी नाही.

व्हिसा, नागरिकत्व, पासपोर्ट, आयकर, नॅशनल इन्शुरन्स, केंद्राचे भत्ते: हे एमपीचं काम, चारही देशांत. इंग्लंडमधल्या एनएचएसबद्दलही (सरकारी आरोग्यसेवा) एमपीकडे जाता येतं, पण आधी हॉस्पिटलच्या तक्रार विभागाकडे जाऊन या.

न्यायालयात चाललेला दावा, घरमालकाशी किंवा कंपनीशी खासगी भांडण: यात एमपी हात घालत नाही. तो निकाल बदलू शकत नाही आणि वकीलही नाही.

थांबा: एमपीला पत्र लिहिल्याने अपिलाची मुदत थांबत नाही. व्हिसा नाकारल्यावर अपिलाचा हक्क असेल, तर ब्रिटनमध्ये असताना सहसा १४ दिवस आणि बाहेरून २८ दिवस मिळतात. पत्राच्या उत्तराची वाट पाहत ते दिवस घालवलेले लोक दरवर्षी भेटतात. अपील एका हाताने, पत्र दुसऱ्या हाताने.

७. एमपीला पत्र: काय लिहायचं आणि काय नाही

पहिला नियम: आपल्याच मतदारसंघाचा एमपी. कॉमन्समध्ये ६५० मतदारसंघ आहेत, आणि एकाने दुसऱ्याच्या मतदाराचं काम घ्यायचं नाही असा तिथला कडक रिवाज आहे. भारतीय वंशाचा आहे, मंडळाच्या गणपतीला आला होता, त्याच्यासोबत आपला फोटो आहे, म्हणून शंभर मैलांवरच्या एमपीला लिहिलं तर उत्तर येतं ते "आपल्या एमपीशी संपर्क साधा" असं. तोवर तीन आठवडे गेलेले असतात. २०२४ च्या निवडणुकीला मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, तेव्हा पाच वर्षांपूर्वीच्या माहितीवरही जाऊ नका. पार्लमेंटच्या साइटवर पोस्टकोड टाकून नाव पाहा.

तुम्ही मत दिलं का, त्यालाच दिलं का, तुम्हाला मताचा हक्क आहे का, हे विचारलं जात नाही. मतदारसंघात राहता एवढं पुरे.

पत्रात सगळ्यात वर पूर्ण नाव, घरचा पूर्ण पत्ता, पोस्टकोड, फोन. पोस्टकोड नसलेला ईमेल बाजूला पडतो, कारण तुम्ही त्यांच्या हद्दीतले आहात हे ऑफिसला कळायला दुसरा मार्ग नाही. त्याखाली एका वाक्यात मागणी: "माझ्या पत्नीच्या व्हिसा अर्जाची स्थिती होम ऑफिसकडून विचारावी." (होम ऑफिस म्हणजे इथलं गृहखातं.) मग अर्जाचा क्रमांक, अर्जाची तारीख, बोटांचे ठसे दिल्याची तारीख, आतापर्यंत कोणाला विचारलं आणि काय उत्तर आलं. त्यानंतर घाई का आहे, ते पुराव्यासह: बाळंतपणाची तारीख, नोकरी सुरू होण्याचं पत्र, हॉस्पिटलचा कागद. बस. एका पानात बसवा.

काय लिहू नये? मी इथे किती वर्षं टॅक्स भरतो, भारताने ब्रिटनला काय दिलं, तुमचं सरकार कसं वाईट. हे सगळं खरं असू शकेल. पण पत्र पहिल्यांदा वाचतो तो एमपी नसून त्याच्या ऑफिसातला केसवर्कर, आणि त्याला हवा असतो अर्ज क्रमांक. त्याला होम ऑफिसच्या खासदारांसाठीच्या विभागाकडे पाठवता येईल असा मजकूर तयार हातात द्या.

अर्जदार दुसरी व्यक्ती असेल, उदाहरणार्थ साताऱ्यात बसलेली पत्नी किंवा व्हिजिटर व्हिसा मागणारे आई-वडील, तर त्यांचं सहीचं संमतिपत्र सोबत जोडा. ते नसेल तर होम ऑफिस त्यांची माहिती एमपीला देणार नाही आणि पुन्हा एक फेरी वाढेल.

तपासणी: होम ऑफिसने त्या प्रकारच्या अर्जासाठी जाहीर केलेली मुदत उलटली आहे का? उलटली नसेल आणि तातडीचं कारणही नसेल, तर उत्तर "अर्ज विचाराधीन आहे" एवढंच येईल.

दोन आठवड्यांत पोच आली नाही तर मतदारसंघातल्या ऑफिसला फोन करा. तोच ईमेल चार वेळा पाठवू नका; प्रत्येक वेळी नवी नोंद तयार होते आणि प्रकरण मागे जातं. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर एमपीची "सर्जरी", म्हणजे लोकांना भेटण्याची ठरलेली वेळ, असते, बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी. आधी वेळ घ्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये खासदार सर डेव्हिड एमेस यांची अशाच सर्जरीत हत्या झाली. बऱ्याच ठिकाणी भेटीची जागा आता आधी जाहीर करत नाहीत, तेव्हा न कळवता दारात उभं राहू नये.

मंत्रालयाने केलेला गैरकारभार पत्रांनी सुटला नाही तर पार्लमेंटरी ऑम्बड्समन (सरकारी खात्यांविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) आहे. तिथे नागरिकाला सरळ जाता येत नाही, एमपीमार्फतच तक्रार जाते, आणि तीही गोष्ट लक्षात आल्यापासून १२ महिन्यांच्या आत. कौन्सिलविरुद्धच्या तक्रारीचा ऑम्बड्समन वेगळा, तिकडे थेट जाता येतं.

८. प्रश्न एकट्याचा नसेल तर सभागृह

तीच अडचण शेकडो लोकांची असेल तर एमपीकडे वेगळी मागणी करायची. लेखी प्रश्न विचारायला सांगा. तो स्वस्त आणि परिणामकारक आहे: मंत्र्याला छापील उत्तर द्यावं लागतं आणि ते सार्वजनिक होतं. प्रश्न आकड्याचा किंवा मुदतीचा ठेवा. "सरकार काय करत आहे?" असं विचारलं की गुळगुळीत परिच्छेद परत येतो. "अमुक प्रकारचे किती अर्ज सहा महिन्यांहून जुने आहेत?" याला एकतर आकडा द्यावा लागतो, नाहीतर देत नाही असं लिहावं लागतं, आणि दोन्ही उपयोगाचं असतं.

दर बुधवारी दुपारी १२ वाजता पंतप्रधानांचे प्रश्न होतात. टीव्हीवर तेच दिसतं, म्हणून सगळ्यांना आपला विषय तिथेच हवा असतो. अर्ध्या तासाचा तमाशा आहे तो. तिथून व्हिसा सुटत नाही. त्यापेक्षा दिवसाच्या शेवटी होणारी अर्ध्या तासाची चर्चा मागा. बाकं रिकामी असतात, पण तुमच्या एमपीला एकाच विषयावर बोलायला वेळ मिळतो आणि संबंधित मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

तुमचा एमपी स्वतःच मंत्री असेल तर तो प्रश्न विचारू शकत नाही. तो सहकारी मंत्र्याला पत्र लिहू शकतो. ते मागा.

थांबा: अर्ली डे मोशन नावाच्या ठरावांवर जवळजवळ कधीच चर्चा होत नाही. त्यावर सह्या गोळा करण्यात महिना घालवू नका. "ऑल पार्टी ग्रुप" म्हणजे पार्लमेंटची समिती नव्हे, ती खासदारांची अनौपचारिक मंडळी. तसंच एखाद्या खासदाराने किंवा लॉर्डने (वरच्या सभागृहाच्या, म्हणजे लॉर्ड्सच्या, सदस्याने) पार्लमेंटच्या इमारतीतली खोली मिळवून दिली आणि तिथे पुरस्कार वाटले, तर तो ब्रिटिश संसदेने केलेला गौरव नसतो. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ही बातमी वर्षातून दोनचारदा तरी छापून येते.

९. नियम बदलायचा असेल तर आधी कळून घ्या तो कशाने बदलतो

कायद्याचं विधेयक कॉमन्समध्ये पहिलं वाचन, दुसरं वाचन, समिती, अहवाल, तिसरं वाचन असं जातं; मग तेच लॉर्ड्समध्ये; मग राजाची मंजुरी. पहिल्या वाचनाला चर्चा नसते, नुसतं नाव वाचतात. तुमच्या पत्राची वेळ दुसऱ्या वाचनाच्या आधी, कारण तिथे तत्त्वावर मत होतं. नंतर समितीच्या वेळी शब्दांवर काम होतं आणि समिती बहुधा जनतेकडून लेखी निवेदनं मागवते. शेवटची तारीख दिली तरी समिती आधीच काम संपवू शकते, म्हणून पहिल्या दोनतीन दिवसांत पाठवा. कोणत्या कलमातला कोणता शब्द बदलावा ते लिहा. विधेयक लॉर्ड्समध्ये असताना तिथल्या सदस्यांना लिहिता येतं. त्यांना मतदारसंघ नसतो, त्यामुळे कोणीही कोणालाही लिहावं. त्या विषयात आधी बोललेला सदस्य निवडा.

पण आपल्या लोकांना ज्याची खरी झळ बसते ते या वाटेने येतच नाही. व्हिसाचे नियम विधेयकाने बदलत नाहीत. गृहमंत्री नियमांतल्या बदलांचं निवेदन सभागृहापुढे ठेवतात, साधारण २१ दिवसांनी ते लागू होतं, आणि कोणी खास हरकत घेऊन मतदान घडवून आणलं नाही तर त्यावर मत होतच नाही. दुरुस्ती सुचवायची सोय नाही. घ्या किंवा फेटाळा. स्किल्ड वर्करची किमान पगाराची अट एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० झाली आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० झाली, ती याच मार्गाने. दोन्ही वेळा "विधेयक कधी येणार, तेव्हा विरोध करू" म्हणणारे होते. विधेयक येणारच नव्हतं.

म्हणून इथली वेळ निवेदनाच्या कितीतरी आधीची: श्वेतपत्रिका निघते तेव्हा, सरकार जनमत मागवतं तेव्हा, कॉमन्सची गृहविषयक समिती पुरावे मागते तेव्हा. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत स्थायिक होण्याची नेहमीची मुदत पाचावरून दहा वर्षांवर न्यायचा प्रस्ताव होता. असा कागद निघाला की पुढची दोन कामं लगेच करायची: सरकारी साइटवर त्या विषयाची ईमेल सूचना लावायची, आणि आपल्या घराचा हिशोब एका पानावर लिहून एमपीला पाठवायचा. कोण कोणत्या व्हिसावर, किती वर्षं झाली, बदलाने काय होईल. दोनशे जणांनी एकच नमुना मजकूर चिकटवून पाठवला तर ऑफिस त्याला एकच उत्तर छापतं. वीस जणांनी वीस खऱ्या कहाण्या पाठवल्या तर त्यातली एखादी सभागृहात वाचली जाते.

१०. पेटिशन, शेवटी

पार्लमेंटच्या अधिकृत पेटिशनवर ब्रिटिश नागरिक आणि ब्रिटनमध्ये राहणारे, एवढ्यांनाच सही करता येते. भारतीय नागरिक असलात आणि लेस्टरला राहत असलात तर चालतं. कोल्हापूरच्या मामांना फॉरवर्ड करू नका. सही केल्यावर ईमेलमध्ये येणारा दुवा दाबला नाही तर सही धरली जात नाही.

सुरू करायला पाच समर्थक लागतात, मग मजकूर तपासला जातो. एका व्यक्तीचं प्रकरण, कौन्सिलचं काम, आधीच चालू असलेल्या पेटिशनची नक्कल: नाकारलं जातं. आधी शोधा. १०,००० सह्यांना सरकारचं लेखी उत्तर मिळतं, १,००,००० झाल्या की चर्चेचा विचार होतो, आणि सगळं सहा महिन्यांत.

चर्चा होते ती सहसा सोमवारी, वेस्टमिन्स्टर हॉलमधल्या वेगळ्या दालनात, आणि तिथे विषयावर निर्णायक मतदान होत नाही. भारतातल्या शेतकरी आंदोलनावर ८ मार्च २०२१ ला झालेली चर्चा अशीच एका पेटिशनवरून झाली होती. तिच्यावरून दोन्ही देशांत मोठा गदारोळ झाला, पण पार्लमेंटने कोणताही निर्णय घेतलेला नव्हता. २०१९ मध्ये ब्रेक्झिट रद्द करा म्हणणाऱ्या पेटिशनवर ६० लाखांहून जास्त सह्या होत्या, ब्रेक्झिट झालंच. पेटिशनने विषय नोंदीत येतो. काम पुढे न्यायचं ते त्या नोंदीचा हवाला देऊन, आपल्या एमपीच्या पत्रातून.

थांबा: निवडणूक जाहीर होऊन पार्लमेंट विसर्जित झालं की त्या क्षणापासून एमपी एमपी राहत नाहीत. सगळ्या पेटिशन बंद होतात, अर्धवट विधेयकं पडतात, लेखी प्रश्न थांबतात. चालू असलेलं तातडीचं प्रकरण ऑफिसकडून विसर्जनाच्या आधीच मंत्रालयाकडे गेलं आहे ना, ते फोन करून विचारा आणि आलेल्या प्रत्येक उत्तराची प्रत स्वतःकडे ठेवा. मतदारसंघात दुसरा माणूस निवडून आला तर जुन्या एमपीच्या ऑफिसातली फाइल त्याच्याकडे आपोआप जात नाही. संमतिपत्रासह सगळे कागद नव्याने पाठवावे लागतात, आणि नवं ऑफिस उभं राहायला काही आठवडे लागतात.